दारी जर्मन हत्ती

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या काळी मोटारी नव्हत्या. असत्या, तर म्हणीला तिसरा चरण खात्रीने जोडला गेला असता, ‘आणि जुनी मोटार पाहावी पोसून’. त्यातून ती मोटार मर्सिडीज असेल, तर घर आणि लग्न ही दोन्ही कार्ये भातुकलीतली वाटू लागतात.

२०१४ सालापासून मी हा उद्योग करीत आहे. माझ्याकडे १९९६ च्या बांधणीची मर्सिडीज ई २५० डिझेल आहे. हे वाक्य चारचौघांत उच्चारले की ऐकणाराच्या चेहऱ्यावर दोन भाव एकापाठोपाठ एक येतात. ‘मराठीच्या प्राध्यापिकेला हल्ली इतका पगार मिळतो?’ हा पहिला. आणि साल लक्षात आल्यावर ‘अरेरे!’ हा दुसरा. त्यानंतरचे प्रश्नही ठरलेले. ॲव्हरेज किती देते? शहरात दहा-अकरा, हमरस्त्यावर चौदाच्या आसपास. पार्ट मिळतात का? मिळतात, कसे ते पुढे सांगते. तिसरा प्रश्न मात्र तोंडावर कोणी विचारीत नाही, तो जिन्यात ऐकू येतो. ‘विकून टाकून एखादी सुटसुटीत नवी गाडी का घेत नाहीत ही माणसे?’ हा प्रश्न आमच्या घरातही अधूनमधून जेवणाच्या ताटावर वाढला जातो, म्हणून त्याचा विचार मला करावाच लागला आहे.

आधी पैशांबद्दलचा गैरसमज दूर करते. एका निवृत्त डॉक्टरांकडून ही गाडी मी घेतली ती एक लाख सत्तर हजारांना. तेवढ्या पैशांत त्या वर्षी दुकानातून एखादी बऱ्यापैकी मोटारसायकल घरी आली असती. हत्ती स्वस्त मिळतो हो. महाग पडतो तो त्याचा चारा!

गाडी जर्मन म्हणायची, पण तिचा जन्म पिंपरीचा. टाटा आणि मर्सिडीज यांची सोयरीक जुनी आहे. १९५४ साली टेल्को आणि डायम्लर-बेंझ या कंपन्यांनी करार करून जमशेदपुरात मालमोटारी बांधायला घेतल्या. पंधरा वर्षे तो करार चालला आणि तेवढा काळ आपल्या घाटांतून चढणाऱ्या त्या ट्रकांच्या नाकावर तीन टोकांचा तारा मिरवत होता. पुढे १९९४ साली दोघांनी पुन्हा हातमिळवणी केली आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या ई-वर्गाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या. सुटे भाग जर्मनीहून येत आणि इथले कारागीर त्यांची मोटार उभी करीत. गंमत अशी, की कंपनीच्या बोलीत ‘डब्ल्यू १२४’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या नमुन्याने इथे सुरुवात झाली, त्याच्या जागी जर्मनीत त्याच १९९५ साली नवा नमुना बाजारात आला. म्हणजे आमची सून माहेरी जुनी झाल्यावर सासरी आली. पण माहेर मोठे खटले होते. १९८४ च्या अखेरीस हा नमुना प्रथम लोकांपुढे आला आणि तेव्हापासून जगभरात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या या बांधणीच्या निघाल्या. आपल्याकडे ही गाडी म्हणजे कारखानदारांची मिजास. जर्मनीत मात्र साय-रंगाच्या टॅक्सी म्हणून हिने वर्षानुवर्षे भाडी मारली आहेत. या दोन गोष्टी एकाच गाडीच्या आहेत हे लक्षात ठेवावे. जी गाडी टॅक्सीवाल्याने उन्हापावसात रोज राबवायची, ती दुरुस्त करायला सोपी असावीच लागते.

या गाडीचे रूप ज्यांच्या देखरेखीखाली ठरले ते ब्रूनो साक्को हे मूळचे इटलीतले गृहस्थ. २०२४ साली ते वारले. नवी गाडी आली म्हणून कालची गाडी एकदम म्हातारी दिसता कामा नये, पिढ्यांचे तोंडवळे जुळले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. आजच्या बाजाराला हे तत्त्व परवडण्यासारखे नाही. कालची वस्तू आज म्हातारी दिसली नाही तर नवी खपणार कशी?

बॉनेट उघडले की हा विचार आणखी पुढे गेलेला दिसतो. नेहमी उघडते तेवढ्यावर ते थांबत नाही. दुसऱ्या टप्प्याला ते नव्वद अंशांत, भिंतीसारखे सरळ उभे राहते. माणसाने आत वाकून, दोन्ही हात घालून काम करायचे आहे, हे गृहीत धरूनच ते बनवलेले आहे. काचेवरचा वायपर एकच, पण तो नुसता अर्धवर्तुळ काढीत नाही. फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांब होतो आणि मध्ये आखडतो, त्यामुळे काचेचा शहाऐंशी टक्के भाग एकट्याने पुसून काढतो. खंडाळ्याच्या पावसात त्याची ही बैठक-दंड पाहत बसावी. त्याच्या पेटीतले ग्रीस वाळले की मात्र तो कण्हू लागतो. ग्रीस भरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते आमच्याकडे दर मृगाच्या आधी होते.

मोटार म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते, हे मला या गाडीने शिकवले. माझी समजूत होती की लोखंड झिजते. लोखंडाला काही होत नाही हो! अडीच लिटरचे, पाच सिलिंडरांचे ते इंजिन अजून एखाद्या पहिलवानासारखे बसले आहे. म्हातारे होते ते रबर. नळ्या, जोड, बूश, सील, इंजिन ज्यांवर टेकते त्या गाद्या, असले सगळे मऊ भाग उन्हाने, तेलाने आणि वर्षांनी ताठ होतात, तडकतात आणि गळू लागतात. हाडे शाबूत आणि सांधे गेलेले, असे हे म्हातारपण. आमच्या आळीत अशी माणसे पुष्कळ आहेत.

एक प्रसंग सांगते. घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही लग्नाला गेलो होतो. गाडी लावली, किल्ली फिरवली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली, आणि गाडी आपली चालूच! पुन्हा किल्ली घालून फिरवली, काढली. इंजिन शांतपणे गुरगुरतच राहिले. पाच मिनिटांत तिथे नवरदेवाभोवती नसेल एवढी गर्दी जमली. ‘बॅटरीची वायर काढा,’ हा सल्ला सात जणांनी दिला. पण डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा बावीस पटीने दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. एकदा सुरू झाले की विजेचे त्याच्यावर राज्य नाही. डिझेल तोडले तरच ते थांबणार. आणि या गाडीत डिझेल तोडण्याचे काम किल्ली करते ते वाऱ्याच्या ओढीने. इंजिनाला जोडलेला एक छोटा पंप सतत हवा शोषून घेत असतो. त्याच ओढीवर ब्रेकला जोर मिळतो, आणि किल्ली फिरवली की तीच ओढ बारीक नळीतून डिझेलच्या पंपापर्यंत जाऊन त्याचे तोंड मिटते. नळी कुठेतरी फुटली की ओढ संपली. मग किल्ली ही नुसती शोभेची वस्तू.

डॉक्टरांनी गाडी देताना मला एक गोष्ट दाखवून ठेवली होती. बॉनेट उघडून डिझेलच्या पंपावरची एक छोटी पट्टी बोटाने दाबायची. मी जरीच्या पदराची गाठ मारून ती दाबली. इंजिन एकदा हिसकले आणि थांबले. जमलेल्या मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या. आत गेले तेव्हा मंगलाष्टके आटोपली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी शोध सुरू केला. हातातल्या छोट्या पंपाने एकेका नळीतली हवा ओढायची, काटा टिकतो का पाहायचे आणि पुढच्या नळीकडे जायचे. अडीच तास हे चालले. शेवटी सापडला तो बोटाच्या पेराएवढा एक रबरी जोड, तडकलेला. किंमत साठ रुपये! आधी मी ही गाडी एका मोठ्या, थंडगार हवेच्या वर्कशॉपात दाखवली होती. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने संगणक जोडण्याची खुंटी बराच वेळ शोधली, ती त्याच्या ओळखीची सापडली नाही, तेव्हा त्याने सगळी यंत्रणाच बदलण्याचे अंदाजपत्रक छापून हातात दिले. आकडा सहा आकडी होता. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला भाग बदलायला शिकवले आहे, शोधायला शिकवलेलेच नाही. पण तेव्हापासून आमची गाडी पत्र्याच्या शेडखाली जाते.

या शेडचे मालक, आमचे मिस्त्री, बहात्तर वर्षांचे आहेत. चौदाव्या वर्षी ते एका ट्रकच्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागले, आणि हातात पहिला पाना आला तो टाटा-मर्सिडीजच्या ट्रकवर. त्यामुळे माझ्या गाडीचे इंजिन त्यांना परके वाटत नाही. ‘त्याच घरातलं पोर आहे हे,’ म्हणतात. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला असे अभ्यासक सांगतात, आणि त्याचा अर्थ गुरू, उस्ताद. गोव्यात सुताराला आजही मेस्त म्हणतात. वर्गात मी हे पुष्कळदा शिकवले होते. त्याचा अर्थ समजला तो शेडमध्ये स्टुलावर बसून.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर माझ्या धंद्याला स्मरून थोडे विषयांतर करते. गॅरेजची मराठी हा एक स्वतंत्र प्रांत आहे. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसते त्यांना तिथे ‘फाउंडेशन’ म्हणतात. ते गेले की गाडी उभ्या उभ्या थरथरते. पत्रा ठोकून सरळ केल्यावर वर जो लेप घासतात ती ‘लांबी’. इंजिनाचे एखादे सिलिंडर काम चुकवू लागले की गाडी ‘मिसिंग करते’. स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात. स्वतःच स्वतःला सुरू करणारा तो सेल्फ. आणि ‘स्टेपनी’! वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमाराला दोघा भावांनी जादा चाक विकायला काढले. इंग्लंडात तो शब्द केव्हाच विसरला गेला. आपल्या डिकीत मात्र तो सुखाने पडून आहे. जुन्या वस्तू टाकून न देण्याची आपली सवय शब्दांच्या बाबतीतही खरी आहे, म्हणायची.

असो. रबराचे मोठे काम निघाले ते २०१८ साली. गाडीचा मागचा भाग वळणावर आपला निराळा विचार करू लागला आणि टायर आतल्या कडेने झिजू लागले. मागच्या प्रत्येक चाकाला या गाडीत पाच दांडे धरून असतात. चाक वरखाली होताना ते तिरके होऊ नये, पुढेमागे सरकू नये, म्हणून प्रत्येक दांड्याला एकेक काम वाटून दिलेले. ही रचना कंपनीने प्रथम १९८२ साली आपल्या धाकट्या ‘१९०’ या गाडीला दिली आणि मग या गाडीला. एकत्र कुटुंबासारखी व्यवस्था आहे ही. सगळे नीट असले तर चालत्या गाडीत पेला हिंदकळत नाही, पण एकाचा सांधा सुटला की बाकीच्यांवर भार. बहुतेक दांड्यांच्या टोकांना रबरी बूश असतात आणि बावीस वर्षांत त्यांची पार शेवई झाली होती.

पार्ट मिळतात का, याचे उत्तर इथे येते. कंपनी या जुन्या नमुन्याचे बरेच भाग अजून पुरवते. शिवाय जे कारखाने तेव्हा तिला माल देत, तेच आज तोच माल स्वतःच्या पेटीत घालून विकतात, आणि तो निम्म्याने स्वस्त पडतो. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ला आहे, दिल्लीत काश्मिरी गेट आहे. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने माझा जुना बूश हातात घेऊन वास घेतला, नखाने खरवडला आणि ‘बाई, चार दिवसांनी या’ म्हणाला. चार दिवसांनी संच हजर. अठ्ठावीस हजार रुपये. आमच्या घरी हिशेबाची वही आमच्या ‘ह्यांच्या’कडे असते. त्यांनी आकडा लिहिला, पेनाचे टोपण लावले आणि ‘लेकीच्या एका सहामाहीची फी,’ एवढेच म्हणाले. त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

बसवणीच्या वेळी मिस्त्रींनी एक गोष्ट केली ती सांगण्यासारखी आहे. गाडी उचलून, चाके लोंबती असताना त्यांनी सारे दांडे जोडले, पण बोल्ट मुद्दाम सैल ठेवले. मग गाडी खाली, तिच्या स्वतःच्या वजनावर उभी केली, मागे दोन पोती सिमेंट ठेवून दोनदा हलवली, आणि मगच खाली शिरून शेवटचा पिळा दिला. मी कारण विचारले. लोंबत्या चाकावर बोल्ट आवळला, तर रबर त्याच स्थितीत चिकटून बसते. मग गाडी खाली आली की जन्मभर पीळ खाल्लेल्या अवस्थेत राहते आणि वर्ष-दोन वर्षांत फाटते. पिळा तोच, बोल्ट तोच, पैसेही तेवढेच. फक्त तो कधी द्यायचा हे माहीत असले पाहिजे. त्या कामाला आता किती पावसाळे झाले, पण बूश शाबूत आहेत.

बरे, गाडी ठीक राहिली म्हणून भागत नाही. सरकारदरबारीही ती जिवंत राहावी लागते. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी अधिकाऱ्यापुढे उभी करायची, दिवे, ब्रेक, धूर सारे दाखवायचे, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा छाप घ्यायचा आणि नूतनीकरण करून घ्यायचे. माझी गाडी मे १९९७ मध्ये नोंदलेली, म्हणून माझी पाळी २०२२ च्या मे महिन्यात आली. नेमके त्याच वर्षीच्या एप्रिलपासून हे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. पर्यावरण कर निराळा. त्यामागचा हेतू मला पटत नाही असे नाही. जुन्या डिझेलचा धूर नव्यापेक्षा वाईट, हे उघड आहे, आणि दिल्लीत तर २०१५ साली हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. दिल्लीची हवा ज्यांनी श्वासात घेतली आहे त्यांना यात काही अतिरेक वाटणार नाही. मीही म्हणूनच गाडी रोज काढीत नाही. कॉलेजात बसने जाते, आणि धुराची तपासणी सांगितल्यापेक्षा अधिक वेळा करून घेते. पण एक कोडे आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची झाली, की ती ‘व्हिंटेज’ ठरते. तिला मान मिळतो, वेगळी नंबरपाटी मिळते. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत मात्र ती नुसती जुनी. माणसाचे कौतुक जसे बारशाला आणि सहस्रचंद्रदर्शनाला, मधे कोणी विचारीत नाही, तसेच हे!

डिझेलही आता पूर्वीचे राहिले नाही. त्यातले गंधक कमी करीत आणून २०१७ पासून देशभर दहा लाखांत पन्नास भाग आणि २०२० पासून अवघे दहा भाग ठेवले आहे. हवेसाठी ही उत्तम गोष्ट. पण ज्या शुद्धीकरणात गंधक जाते त्यात डिझेलचा जन्मजात ओशटपणाही कमी होतो. तो भरून काढायला कंपन्या द्रव्ये मिसळतात. तरी जुन्या डिझेलवर वाढलेली पंपातली सीले आक्रसतात आणि पाझरू लागतात. माझ्या गाडीचा पंप असा पाझरतो आहे. थेंबभरच, पण जमिनीवर डाग पडतो, आणि शेजारचे काका तो डाग मला रोज सकाळी दाखवतात.

गेल्या हिवाळ्यात या सगळ्या प्रश्नांचा निकाल लागायची वेळ आली. थंडीत गाडी सुरू होताना थडथडू लागली, पांढरा धूर सोडू लागली. मिस्त्रींनी लांबूनच ऐकून सांगितले, ‘दोन हीटर प्लग गेलेत.’ थंड इंजिनात नुसत्या दाबाने डिझेल पेटत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरात एक लोखंडी कांडी असते. किल्ली अर्धी फिरवली की ती काही क्षण लाल होते. अशा पाच कांड्या. कांडी स्वस्त, बाराशे-पंधराशेची. पण ती बसलेली असते इंजिनाच्या डोक्यात, इंधनाच्या नळ्यांच्या आड, आणि वर्षानुवर्षांच्या काजळीने आतून पकडलेली. काढताना जोर जास्त झाला आणि ती आत मोडली, तर इंजिनाचे डोके उतरवावे लागते. त्याचा खर्च गाडीच्या किमतीएवढा.

आमच्या घरात एक करार आहे, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. डोके उतरवायची वेळ आली, की गाडी विकायची. भंगारवाला येऊन गेला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात ठेवला आणि पस्तीस हजार म्हणाला. दार त्याने उघडून पाहिलेसुद्धा नाही.

आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हते. मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आणि उजवा हात कापरा झालेला. पूर्वी त्यांनी असे प्लग शेकडो काढले असतील. ते या वेळी काढू शकत नव्हते. त्यांचा नातू आहे, वीस वर्षांचा, आय.टी.आय. झालेला, चाकणला एका कारखान्यात नोकरी करणारा. त्या रविवारी मिस्त्रींनी त्याला बोलावून घेतले. पोरगा आला तो कानातली बोंडे न काढताच. ‘आजोबा, मोडला तर मी जबाबदार नाही हां,’ हे त्याचे पहिले वाक्य. ‘मोडला तर मी आहे,’ मिस्त्री म्हणाले, ‘तू ती बोंडं काढ आधी. ऐकू काय येणार तुला?’

आदल्या दोन रात्री प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल घातले होते. सकाळी मी गाडी चांगली दहा-बारा मैल फिरवून गरम करून आणली. गरम झालेले डोके फुगते आणि पकड थोडी ढिली होते. मग पोरगा वाकला आणि मिस्त्री स्टूल ओढून त्याच्या खांद्याशी बसले. पान्याला जोर एका मर्यादेपर्यंतच लावायचा. तिथे ‘कट्’ वाजले की थांबायचे. एक अष्टमांश फेरा उलटा, तेवढाच सुलटा. पुन्हा तेल. पुन्हा उलटा. पहिला प्लग वीस मिनिटांत आला. दुसरा, तिसरा आले. चौथ्याने तास घेतला. पाचवा, सर्वांत मागचा, भिंतीकडेचा, हललाच नाही. मग एकदम किर्र असा आवाज झाला आणि पोराने पाना सोडून दिला. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिले. ते वही घेऊन आलेले नव्हते, पण चेहऱ्यावर वहीच होती.

‘हा लोखंडाचा आवाज नाही,’ मिस्त्री म्हणाले. ‘काजळीचा आहे. तुटणारं लोखंड आधी मऊ लागतं हाताला. मऊ लागलं का?’

‘नाही. कडक होतं.’

‘मग आज पुरे.’

मला वाटले, घाबरले. पण ते म्हणाले की आता जोर लावायचा नाही, तेल मुरू द्यायचे. बाकीचे चार नवे बसवून, पाचवा तसाच ठेवून गाडी रोज थोडी चालवा, गरम होऊ द्या, गार होऊ द्या, रोज रात्री चार थेंब घाला. आठवडाभर मी रोज रात्री मच्छर मारत, हातात बॅटरी धरून, त्या भोकात चार थेंब घातले. घरात कोणी त्यावर काही बोलले नाही. लेकीने एक दिवस बॅटरी धरली.

पुढच्या रविवारी पोरगा न बोलावता आला. या वेळी मिस्त्री स्टुलावर न बसता लांब बाकावर, पाठ फिरवून बसले. अर्धा तास नुसता तो कट्, कट् आवाज. मग तो थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, तेव्हा मी जवळ गेले. पोरगा पाना ठेवून, दोन बोटांनी, अगदी सावकाश प्लग फिरवून बाहेर काढीत होता. टोकाला काजळीची जाड टोपी बसली होती. मिस्त्रींनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरला आणि काजळी नखाने काढून पाहिली. ‘भोक साफ केल्याशिवाय नवा घालू नकोस,’ एवढेच बोलले.

मजुरीचे विचारले तर त्यांनी नातवाकडे बोट दाखवले. ‘हात त्याचा होता, पैसे त्याला द्या.’ वहीत त्या दिवशी नोंद झाली, हीटर प्लग पाच, मजुरी दोन हजार. आणि पोराने जुना पाचवा प्लग कागदात गुंडाळून खिशात टाकला, त्याची नोंद अर्थातच कुठे नाही.

निघताना गाडीखालचा डिझेलचा डाग त्याच्या दृष्टीस पडला. खाली वाकून त्याने पंपावरून बोट फिरवले, वास घेतला आणि आजोबांना विचारले, ‘ही सीलं बदलायला पंप उतरवावा लागेल ना? का जागेवरच होतील?’

मिस्त्री म्हणाले, जागेवर होतील, पण प्रत्येक नळी कुठली कुठे होती ते आधी लिहून ठेवावे लागेल. पोराने खिशातला फोन काढला आणि बॉनेट दुसऱ्या टप्प्यापर्यंत सरळ उभे केले.